घरोघरी सोनचाफा

माझ्या घरामांगं सोनचाफा हाय, अन् तो मी जगवला, हे पयले सांगून ठेवतो. आमचे हे, इंद्रभान, रोपवाटिकेत मजूर होते. त्यायनं गुडघ्याएवढं रोप आनलं, अन् पुढच्या उन्हाळ्यात सोताच गेले. मांगं मी अन् रोप. आमच्या अनसिंग गावच्या काळ्या मातीत सोनचाफा टिकत नाई, पानी साचते, मुळं सडतेत, असं जो तो सांगून गेला. म्हटलं, पाहू कसा टिकत नाई! खड्ड्यातली काळी माती उपसून फेकली, मुरूम अन् शेनखत भरलं, बुड उंच केलं. उन्हाळ्यात खाली सोयाबीनचं कुटार-भुसकट, वरून जुनं लुगडं बांधून सावली. पोरगा अश्वजित म्हने, "आई, माझ्यासाठी बी इतकं केलं नाई तुनं." केलं नं रे बाबा. त्याले आठवत नाई एवढंच.

मंग झाड फुललं, अन् काय सांगू! पार गल्लीच्या टोकापर्यंत वास. पावसाळ्यात वर्षावास लागला की रोज सकाळी विहारात वंदना राह्यते, वंदनेले फुलं पाह्यजेत. दिवस उगवला नाई त बाया माझ्या फाटकात. गोमतीबाई परडी भरून तासभर ओट्यावर बसे. सुनेचं गऱ्हानं, गॅसचं गऱ्हानं, सारं माझ्या कानात. चहाचं आधन उतरूच देत नसे. अन् फांद्या! सोनचाफ्याचं लाकूड कच्चं, जरा ओढली की कडकन मोडली. माझं तोंड चालूच राहे, "अवो, फूल तोडा, फांदी कायले तोडता? तुमच्या बापानं लावलं काय झाड?" त्या हासत, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एका पावसाळ्यात माझं डोकंच फिरलं. आमच्या ह्यायनं शिकवल्या होत्या तशा गुट्या बांधल्या. फांदीची साल गोल काढाची, ओलं शेवाळ लावाचं, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळाचं. मुळ्या फुटल्या की खालून कापून पिशवीत. जिले तिले रोप देलं. "न्या, आपापल्या दारात लावा, अन् माझा जीव सोडा!" वरून खड्डा कसा कराचा, मुरूम किती भराचा, हे बी घरोघरी जाऊन दाखवलं. मी कोनतं काम अर्धवट करत नाई. सारी रोपं जगली. एकबी मेलं नाई, मुडदा बशिवला त्यायचा.

आता यंदाच्या वर्षावासात माझं फाटक वाजत नाई. ज्याच्या त्याच्या दारात सोनचाफा. गोमतीबाई भरली परडी घेऊन रस्त्यानं जाते, हात करते. मी म्हनतो, ये वं बसाले. ती म्हनते, येतो नं कदी. मांगं झाड पिवळं धमक, फुलं वरच्या वर सुकतेत अन् गळतेत. अश्वजित बायकोसंगं पुन्याहून व्हिडिओ कॉल करते, "आई, सपनाले झाड दाखव." मी मोबाइल झाडाकडं करतो. दोघं वा वा करतेत अन् ठेवतेत. माझं तोंड कोनी पाहत नाई. दिवसभर कोनाशी बोललं नाई त संध्याकाळी आवाज घोगरा निंगते, हे तुमाले माईत हाय काय? मले झालं माईत. खोटं कायले बोलू, रडू येते.

एक दिवस काई सहन झालं नाई. रिकामी परडी घेतली अन् पलीकडल्या गल्लीत धम्मदीपाच्या दारात जाऊन उभी राह्यली. "धम्मदीपा, माझं झाड यंदा फुललं नाई वं. चार फुलं देतं काय?"

धम्मदीपा बँकेत नोकरीले, सकाळची कोन घाई! पन पोरगी लय चांगली. "या नं काकू," म्हनली, अन् पटापट फुलं तोडून परडी भरली. मी तिच्या सासूची तब्येत इचारली, पौर्णिमाची शाळा इचारली. ती डबे भरता भरता बोलत होती. कुकरची शिट्टी, भांड्यायचा आवाज, न्हानीत पौर्णिमाचं गानं. घरात मानसं असली की कसं भरल्यासारखं वाटते! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी बी. मंग रोजच जाऊ लागली.

शेवटी धम्मदीपा म्हनली, "काकू, तुमचे गुडघे दुखतेत, कायले एवढा फेरा घालता? उद्यापासून मी आमच्या ह्यायच्या हाती फुलं पाठवून देतो. ह्यायचा कामाचा रस्ता तुमच्या घरावरूनच हाय." चांगल्या मनानं म्हटलं तिनं. मी बरं म्हटलं अन् घरी आली.

तवापासून तिचा नवरा संघदीप, शनिवार-रविवार सोडून रोज, कामाले जाता जाता थांबते. गाडी बंद नाई करत. पिशवी फाटकाले अडकवते, "जयभीम काकू" म्हनते अन् जाते. मी पायात चप्पल घालून येईपर्यंत गाडी वळनावर.

शुक्रवारी मी आदीच फाटकात उभी राह्यली. म्हटलं, "बाबू, मांगची पान्याची मोटर सुरू होऊन नाई राह्यली, पाह्यतं काय जरा?" त्यानं गाडी बंद केली, मांगं गेला, बटन दाबलं. मोटर एका दमात सुरू. मोटरले काई झालंच नोतं. त्यानं मान वर केली त डोक्यावर पिवळंच पिवळं.

"काकू, तुमचं झाड त आमच्यापेक्षा जास्त फुललं हाय! मंग आमच्याकडून फुलं काहून नेता?"

"फुलं कोनाले पाह्यजे, बाबू?" मी म्हटलं. "मले दोन शब्द बोलाले मानूस पाह्यजे." बोलून गेली, अन् मंग माझी मलेच लाज वाटली.

संघदीपनं मोटर बंद केली. मंग म्हने, "अवो काकू, आदी सांगाचं नं. रविवारी येतो आमी सारे. बसून चहा घेऊ."

रविवारी मी ओटा धुतला, चटई टाकली, आलुबोंड्याचं सारन करून ठेवलं. दुपारी त्यायची गाडी आली. संघदीप, मधात पौर्णिमा, मांगं धम्मदीपा, अंगावर नवे कपडे. कोनाकडं कार्यक्रम असन. पौर्णिमानं मले हात केला, अन् गाडी तशीच फाटकावरून पुढं गेली. मुद्दाम नसन केलं, इसरले असतीन. सारन मी दोन दिवस खाल्लं.

सोमवारी सकाळी फाटक पाह्यलं. पिशवी नोती. माझ्या घरी फुलं हायेत, हे त्यायले आता माईत झालं होतं.