सटवाईला दिलेला खोटा पत्ता

घाटघरच्या गेणभाऊ रावत्याला कागदांचा पहिल्यापासून राग. धडधाकट माणूस समोर उभा असताना त्याचा कागद कशाला बघायचा, असा त्याचा रोकडा सवाल असायचा. आणि शहाण्णव साली नेमकं कागदानंच त्याच्या घरात विघ्न आणलं.

नातीचं, सोनलचं, लग्न ठरलं होतं. मुलगा सुनील डामसे, भीमाशंकरला देवळाच्या वाटेवर त्याचं पेढ्यांचं दुकान. डामसे मूळचे घाटघरचेच, रावत्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेले. सुनीलच्या आजोबांनी गाव सोडलं. साखरपुडा झाला होता. सोनलला मुलगा मनापासून आवडला होता, आणि पोरीचा हसरा चेहरा बघून म्हाताऱ्याची भूक वाढली होती म्हणा ना.

तेवढ्यात तिच्या जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागला. जुन्नरच्या कचेरीतून गेणभाऊच्या बापाच्या, म्हणजे भिकूबाबाच्या जन्माची नक्कल काढली. मोडीतली नोंद जाणकारानं वाचून दिली: सन अठराशे नव्व्याण्णव, मुलगा भिकू, बाप कुशाबा डामसे. आता आली का पंचाईत! कुशाबा डामसे म्हणजे सुनीलचा पणजोबा. रावत्यांच्या नोंदीत भिकू नव्हता, आणि डामस्यांत त्या नावाचं दुसरं कुणी कधी झालंच नव्हतं.

भावकीतला सोपान अशा वेळी गप्प बसेल तर तो सोपान कसला. भिकूबाबा डामस्यांचा, म्हणजे सोनल आणि सुनील एका रक्ताचे, बहीण-भाऊच, असं त्यानं चार माणसांत सांगून टाकलं. गेणभाऊनं त्याला चार शिव्या हासडल्या, पण रात्रभर डोळा लागला नाही. नातीचं लग्न तर मोडत होतंच, पण ज्याच्या खांद्यावर बसून नाणेघाट बघितला तो बापही परका होत होता. ते त्याला लई लागलं.

तो एस्टीनं नाशिकला गेला. रावत्यांच्या तीर्थोपाध्यायांनी चोपडी काढली. त्यात भिकूच्या लग्नाची नोंद होती: भिकू, बाप सोमा रावते, आई चिमाबाई, नवरानवरी गंगेवर येऊन गेले. गेणभाऊ आनंदानं ते उतरवून घेऊन आला. सोपान म्हणाला, लग्नात काय, कुणीही बाप म्हणून उभा राहतो. जन्माचा कागद मोठा. दत्तक घेतला असेल. सोनलनं जेवण सोडलं.

शेवटी गेणभाऊ उठला. ठरलेलं लग्न मोडायचं तर तोंडानं सांगावं, निरोप धाडणं नामर्दाचं काम. सोनलही हट्टानं बरोबर निघाली. आणि सोपान? तो काय मागे राहतोय, खरंच मोडतात की नाही ते बघायला तोही गाडीत चढला.

घोडेगावला गाडी बदलून दुपारी भीमाशंकरला पोचले. सुनीलची आजी बायडाबाई दुकानामागच्या ओसरीवर बसली होती. ही कुशाबाची धाकटी सून. दहाव्या वर्षी घाटघरात नांदायला आलेली. गेणभाऊनं दोन्ही कागद तिच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं. सुनीलच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

म्हातारी ऐकता ऐकता हसायला लागली, ती पदर तोंडाला लावून हसतच राहिली. मग तिनं सासूच्या, साळुबाईच्या, तोंडून ऐकलेलं सांगितलं. चिमाबाईची तीन लेकरं पाचवीनंतर गेली होती. चौथ्या खेपेला सुईणीनं नाळ कापली आणि पोर मागच्या दारानं साळुबाईच्या ओटीत नेऊन घातलं. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते ना, ती चुकीच्या घरी जावी म्हणून! सगळ्या गावानं ठरवून सांगितलं, पोर साळुबाईचं. नेमका त्याच दिवसांत कोतवाल जन्माच्या नोंदी करत आला.

"त्याला खरं कोण सांगणार?" बायडाबाई म्हणाली. "पाचवी टळली तवा सोमा रावत्यानं सूपभर नाचणी देऊन पोर इकत घेतलं. सटवाईची नजर पडू नये म्हणून नाव आधीच भिकू ठेवलेलं. पन कागूद कुनी बदलला न्हाई. बदलायचा म्हंजी सटवाईला घर दावायचं."

सोपान खाकरला. म्हणाला, हे सगळं तोंडाचं, पुरावा काय?

बायडाबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं. "सोपाना, तुझा थोरला कुनाच्या ओटीत घातला व्हता रं? अन् तलाठ्याला तू काय सांगितलंस?"

सोपाननं मान खाली घातली. दोन लेकरं गेल्यावर त्यानंही तेच केलं होतं, आणि दाखल्यावर पोराची आई म्हणून आजही शेजारणीचं नाव होतं. मग गेणभाऊला म्हणाला, "चुकलं राव माझं. भिकूबाबा रावत्यांचाच."

गेणभाऊनं डोळे पुसले, लाज न बाळगता पुसले. बाप परत मिळाला होता. सुनीलनं ट्रे खाली ठेवला तो सगळा चहा सांडूनच. दाखल्याला गेणभाऊच्या धाकट्या चुलत्याची, म्हणजे भिकूबाबाच्या पाठच्या भावाची, नोंद लावायची असं ठरलं. भिकूबाबाची नोंद दुरुस्त करू म्हणून कुणी म्हणालं नाही.

निघताना सोनल पाया पडायला वाकली. बायडाबाईनं तिला जवळ ओढून मांडीशी बसवलं. पोर परत देताना साळुबाई लई रडली होती, असं ती म्हणाली.

मग तिनं गेणभाऊकडं बघितलं. "तवा आमी पोर परत दिलं, भाऊ," ती म्हणाली. "ही न्हाई देनार."