चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह

डेल्मर मनाने फार चांगला होता, असं त्याला पुरलं त्या दिवशी सगळेच म्हणाले. मी मान डोलावली. लोक घरून शिजवून घेऊन आले होते, त्यांच्याशी कुठे हुज्जत घालत बसायची? पण नवरा माझा होता. तो कसा होता ते मला विचारा.

एक्कावन्न सालचा एप्रिल. इंडियानात तेव्हा कोरियाच्या लढाईशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि विमानाची इंजिनं बनवणारा तो कारखाना पुन्हा बायकांना बोलावत होता. मागच्या लढाईत मी तिथे पावणेतीन वर्षं काम केलं होतं. इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह बसवायचे, दिवसाला किती ते विचारू नका. हातांना सवय अशी झाली होती की डोळे मिटून खराब व्हॉल्व्ह बाजूला काढायचे मी. पंचेचाळीस साली लढाई संपली, पुरुष परत आले आणि आम्हाला एका दुपारी घरी पाठवलं. एक गुलाबाचं फूल दिलं प्रत्येकीला. मी ते गेटबाहेरच्या गटारात टाकलं.

आता पत्र आलं होतं. गुरुवारी सकाळी साडेसातला गेटवर हजर व्हा, जुना बिल्ला आणा, जी येणार नाही तिचं नाव यादीतून कटाप. बेचाळीस मैल. बस सकाळी साडेनऊला यायची, म्हणजे बस असून नसल्यासारखी. आमची सहा सिलिंडरची जुनी गाडी थंडीभर शेडमध्ये उभी होती, कारण डेल्मर धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि तिथे तो चालत जायचा.

"जायचं कशाला?" तो म्हणाला. "मी काय उपाशी ठेवलंय तुला?"

"उपाशी नाही ठेवलंस. कंटाळ्यानं मारतोयस."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, घरात पोर ना बाळ, बायको खिडकी बघून दमली."

हे सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, शेजारचा हॉइट समोर बसलेला असताना. हॉइट आमच्याकडे हक्काने जेवायचा, बायको सोडून गेली होती त्याची. त्याच्यादेखत माघार घेणं डेल्मरला जमेना. तो म्हणाला, "गाडी चालू झाली तर खुशाल जा. मी आडवा येणार नाही."

"हॉइट, ऐकलंस ना?" मी म्हणाले.

"ऐकलं बाई," हॉइट म्हणाला, आणि बटाटे वाढून घेतले.

आमच्या रस्त्यावर शेजाऱ्यासमोर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पुरुष तो मागे घेत नाही. मेला तरी नाही. म्हणून मी त्या रात्री निवांत झोपले. मूर्ख होते.

मंगळवारी गाडीला चावी लावली तर ती खोकायलाच लागली. डेल्मरने झाकण उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "चौथ्याचा व्हॉल्व्ह अडकलाय." निदान बरोबर होतं. त्याचं निदान कधीच चुकायचं नाही, हे मी शत्रू असले तरी सांगेन. आमच्याकडे कोणी गाडी गॅरेजवाल्याकडे नेत नसे. नेली तर आठवडाभर टिंगल व्हायची. ज्याला स्वतःला जमत नाही तो डेल्मरकडे यायचा. त्याने संध्याकाळपर्यंत हेड उतरवून बाकावर ठेवलं, हेडखाली घालायचं नवीन गॅस्केट आणलं, सगळं बोल्टबिल्ट क्रमाने मांडलं. मला वाटलं, चला, शब्दाला जागतोय.

बुधवारी दुपारी मी कॉफी घेऊन शेडमध्ये गेले. हॉइट उपड्या बादलीवर बसला होता. हेड आडवं टाकलेलं, व्हॉल्व्हवरची स्प्रिंग काढलेली, पण व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहून जागेवर रुतलेला. मी वाकून पाहिलं. दांडीचं वरचं टोक वर्षानुवर्षं मार खाऊन चपटं झालं होतं, त्याला बारीक ओठ सुटला होता. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते तिला गाईड म्हणतात. तो ओठ त्या गाईडमधून जाणारच नाही. आणि वर हातोडा घातला तर टोक आणखी पसरणार, हे उघड आहे.

"कड काढ आधी कानशीने," मी म्हणाले. "मग रॉकेल सोड. हाताने येईल बाहेर."

डेल्मरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हॉइट, साहेबीण आल्या बघ. ऊठ, बादली दे त्यांना."

हॉइट हसला. "कॉफी तरी वाढा साहेबीणबाई."

"कानस तिथे आहे, तुझ्या कोपराशी," मी म्हणाले.

"लुएला, मी सतरा वर्षं तुझ्या स्वयंपाकात नाक खुपसलं का कधी?"

"खुपसलंस. रोज."

त्याने हातोडा उचलला. दोन रत्तलांचा, मोठा. आणि मारला, सरळ दांडीच्या टोकावर, पोलादावर पोलाद. दणका कानात बसला.

मी कॉफीची किटली हातात धरून उभीच राहिले. कारण मी सतरा वर्षांत त्या माणसाला उघड्या पोलादावर हातोडा मारताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे दणका झेलायला मऊ पितळेची एक कांडी होती. ती मध्ये धरल्याशिवाय तो साधी खिळी ठोकत नसे. हॉइटने एकदा तशी चूक केली तर डेल्मरने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला होता आणि रस्त्याभर सांगत सुटला होता. ती कांडी आत्ता त्याच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेली होती. हात वर केला असता तर मिळाली असती.

दुसरा दणका. मी त्याचा चेहरा बघत होते. चिडलेला माणूस मारतो तसा तो मारत नव्हता. मोजून मारत होता.

तिसऱ्या दणक्याला काहीतरी कडकन तुटलं. गाईडच्या काठाचा करंगळीच्या नखाएवढा टवका बाकावर पडला.

"गेलं," डेल्मर म्हणाला. "गाईड फुटलं. आता हेड शहरात मशीनवाल्याकडे टाकावं लागेल. आठवडा तरी जाईल. वाईट झालं, लुएला." आणि हातोडा ठेवताना त्याचे खांदे सैल झाले. सुटला बिचारा.

"पितळ कुठंय?" मी विचारलं.

"काय?"

"पितळेची कांडी. कुठंय?"

हॉइट हसत होता तो थांबला. त्याने वर खिळ्याकडे पाहिलं, मग डेल्मरकडे, मग आपल्या बुटांकडे. "मला जरा कोंबड्यांचं बघायचंय," असं म्हणाला आणि कॉफी न पिता निघून गेला. त्याला दोन कोंबड्या होत्या फक्त. पण कळलं त्याला. आणि कळलं तरी त्याने मला गुरुवारी पोचवलं नसतं. डेल्मरच्या मनाविरुद्ध डेल्मरच्या बायकोला गाडीत घालून नेणारा पुरुष आमच्या रस्त्यावर जन्मायचा होता.

"घाईत राहिलं," डेल्मर म्हणाला.

"सतरा वर्षांत नाही राहिलं."

"राहिलं म्हणतो ना."

"खोटं बोल, पण माझ्याशी बोलू नकोस. मी व्हॉल्व्ह बसवलेत. गाढवांशी बोल."

मग तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हातांकडे बघत म्हणाला, "पत्र आल्यापासून तू स्वयंपाकघरात गुणगुणतेयस. मी लढाईवरून परत आलो तेव्हा नव्हतीस गुणगुणत. महिनाभर तोंड पाडून बसली होतीस."

"तुम्ही पुरुष परत आलात म्हणून मला काढलं, डेल्मर."

"म्हणजे मी मरायला हवं होतं?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग म्हण काहीतरी."

"बाहेर हो," मी म्हणाले. "शेडच्या बाहेर हो. नाहीतर हा हातोडा तुझ्याच टाळक्यात बसेल, आणि मी पितळ मध्ये धरणार नाही."

तो गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि रागाच्या हाताने कानस सरळ चालत नाही म्हणून मी पाच मिनिटं बादलीवर बसून राहिले. हॉइटसाठी ओतलेली कॉफी प्यायले.

मग कामाला लागले. त्याने ठोकून ठोकून टोकाचं पार भजं केलं होतं. मी कानशीने कड उतरवत गेले, चहूबाजूंनी, थोडी थोडी, बोट फिरवून पाहायचं, परत घासायचं. कीस गाईडमध्ये जाऊ नये म्हणून भोवती चिंधी बांधली. तासभर लागला. मग चिंधी काढून रॉकेल सोडलं आणि थांबले. थांबणं हेच खरं काम असतं, ते पुरुषांना जमत नाही. नंतर खिळ्यावरची पितळेची कांडी काढली. खालून लाकडाने हलकेच वर, वरून पितळेने हलकेच खाली, खालून वर, वरून खाली. विसाव्या का पंचविसाव्या खेपेला व्हॉल्व्ह केसभर हलला. मी त्याचं डोकं मुठीत धरून पिळलं. करकरला, शिव्या दिल्यासारखा, आणि फिरला. मग ओढला तर सरळ हातात आला, काळाकुट्ट, कोळसा चढलेला. मी मोठ्याने हसले. घराच्या खिडकीत डेल्मर उभा होता, त्याला ऐकू गेलं असणार. जावं म्हणूनच हसले.

पण गाईड फुटलेलं ते फुटलेलंच. त्या गाईडमध्ये व्हॉल्व्ह पळवला तर दहा मैलांत वाट लागली असती. तेव्हा पळवायचाच नाही. आमचं लग्न झालं त्या वर्षी डेल्मरनेच एका प्रवाशाची गाडी रस्त्याकडेला अशी करून दिली होती. मी शेजारी उभं राहून कंदील धरला होता, म्हणून माहीत. व्हॉल्व्ह खरवडून साफ केला, परत बसवला, स्प्रिंग चढवली, म्हणजे तो घट्ट मिटून राहील. आणि त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह ज्या दांड्या उघडतात त्या दांड्याच काढून ठेवल्या, ठिणगीची तार सोडवली. चौथा सिलिंडर मेला. बाकी पाच जिवंत.

हेड एकटीला उचलण्यातलं नव्हतं. नोव्हेंबरात डुक्कर टांगायला जी कप्पी आणि साखळी वापरतो ती मी गाडीवरच्या तुळईला अडकवली आणि हेड लोंबकळत लोंबकळत जागेवर उतरवलं. ऊन कललं तेव्हा डेल्मर दारात आला.

"मी धरतो एक बाजू," तो म्हणाला.

"तू आडवा येणार नव्हतास ना? मग दारातून सर. उजेड अडतोय."

तो सरला. मी बोल्ट मधून बाहेर, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले आणि अंधार पडायच्या आत चावी फिरवली. गाडी अंग झटकत, लंगडत, पण सुरू झाली.

गुरुवारी पाचाला निघाले. पाच सिलिंडरांवर बेचाळीस मैल. दात वाजत होते. चढावर मागच्या ट्रकवाल्याने काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही, मीही त्याला सांगितलं. सात वाजून दहा मिनिटांनी गेटवर पोचले. पहारेकरी म्हणाला, "बाई, इंजिनात काय बांधलंय? गाढव?" मी म्हटलं, "गाढव घरी ठेवून आलेय." बिल्ला दाखवला. दुपारपर्यंत माझं नाव परत यादीत होतं, त्याच बाकावर, सोमवारपासून.

घरी आले तर डेल्मर शेडच्या दारात उभा. कोठारावर गेलाच नव्हता. साडेनऊच्या बसने शहरात जाऊन नवीन गाईड घेऊन आला होता. हत्यारं स्वच्छ पुसून फडक्यावर ओळीने मांडलेली. हातात पितळेची कांडी.

"मिळालं का काम?"

"मिळालं."

"आण आत," तो म्हणाला. "दोन तासांत देतो करून. सहाच्या सहा पळतील." आवाज इतका हलका, मला नीट ऐकूही आलं नाही पहिल्यांदा.

मी गाडी आत नेली नाही. रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर उभी केली आणि त्याच्या हातातून गाईड काढून घेतलं. "या गाडीला तू पुन्हा हात लावायचा नाहीस," मी म्हणाले. "हिलाही नाही आणि हिच्यानंतर येईल तिलाही नाही."

त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. शनिवारी मी फुटकं गाईड ठोकून काढलं, नवं बसवलं, रस्त्यावर, भर दुपारी. हॉइट आला, बघून गेला, मग आणखी दोघे आले. डेल्मर पायरीवर बसून होता, हात मांडीवर. आमच्याकडे ज्याची बायको गाडी दुरुस्त करते त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. म्हणून तर शेडमध्ये केलं नाही.

नंतर सव्वीस वर्षं जगला तो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या शेवटपर्यंत दुरुस्त करायचा, लांबून लांबून यायचे लोक. मी कारखान्यातून निवृत्त झाले, चार गाड्या झाल्या माझ्या, एकीच्याही झाकणाखाली त्याचं बोट गेलं नाही. कधी कीव यायची. यायची, नाही कशाला म्हणू? एकदा थंडीत माझी बोटं वळेनात तेव्हा तो मोजे घेऊन बाहेर आला, दुरूनच ठेवून गेला. तरी नाही.

शेवटच्या वर्षी त्याला धाप लागायची. अंगणात खुर्ची टाकून बसवायचे त्याला. मी प्लग बदलत होते, तो ऐकत होता. मी चावी फिरवून पाहिली तेव्हा म्हणाला, "दुसरा ढिला राहिलाय, लुएला."

मी झाकण लावलं, हात धुतले, त्याला सूप दिलं. दुपारी त्याचा डोळा लागला तशी पाना घेऊन हळूच बाहेर गेले. ढिलाच होता. आवाज होऊ न देता आवळला.