चाकोरीत बसणारं टायर

दुष्काळ सरून पाऊस माघारी आला, तेव्हाची गोष्ट. मंद्रूपच्या काळ्या रानातल्या गाडीवाटा पुन्हा चिखलानं भरू लागल्या होत्या. त्या चिखलात मुक्ताबाईच्या बैलगाडीचं लाकडी चाक मोडलं. त्या दिवसांत पुष्कळ जण मोटारीची जुनी चाकं गाडीला बसवून घेत. तिचा नवरा रावजी होटगीला रेल्वेत होता. सुट्टीला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "हिंदुरावाला संगं घिऊन सोलापूरला जा. तो सांगंल ती टायरं घे."

मुक्ताबाई व्हय म्हणाली, पण मनात पाल चुकचुकली. हिंदुराव तिचा चुलत दीर. दोघांची रानं लागून, मधून एकच गाडीवाट. विळा मागितला तर धार नाही म्हणणारा माणूस, पण सोलापूरला यायला एका शब्दात तयार झाला. एसटीत तिचं तिकीटही त्यानंच काढलं. तेव्हा तर यात काहीतरी डाव आहे, अशी तिची खात्रीच पटली.

जुन्या टायरांच्या दुकानात पाऊल ठेवताच हिंदुरावानं ट्रकच्या टायरावर थाप मारली. "ही रुंदच घ्या, वयनी. चिखलावर तरंगत्यात. ती जीपची अरुंद टायरं सुरीगत आत जात्यात."

टायरवाला म्हातारा हसला. "बाई, चिखलाखाली काय हाय ते सांगा. मुरूम असंल तर अरुंद चांगलं, खाली जाऊन पाय टेकतंय. नुसती काळी असंल तर रुंद."

"काळीच हाय. पुरुषभर खोल!" हिंदुराव म्हणाला.

ते खरं होतं, आणि म्हणूनच मुक्ताबाईला जास्त धास्ती वाटली. खोटं बोलणारा हिंदुराव तिला पाठ होता. हा खरं बोलणारा नवाच होता.

तिनं पुढं होऊन टायरावर आडवी वीत टेकवली.

"लुगडं न्हवं ते, मापायला," हिंदुराव म्हणाला.

"चाकोरी मापून आलेय मी. वीतभर हाय."

वर्षानुवर्षं लाकडी चाकांनी वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. जीपचं टायर वितीच्या आत राहिलं. ट्रकचं चार बोटं बाहेर गेलं. मुक्ताबाईचा हात तिथंच थांबला. हे चाक चाकोरीत बसायचं नाही, कडेनं चालणार. कुठल्या कडेनं? हिंदुरावानं गेल्याच साली आपल्या बाजूनं काटेरी घायपाताची रांग लावली होती. त्या काट्यांत कुठला बैल जातोय? मग उरला तिचा बांध. तिच्याच गाडीनं तिचा बांध चेपायचा, दोन पावसाळ्यांत वाट तिच्या रानात सरकायची, आणि जुनी वाट घायपाताच्या पोटात जायची.

"भावजी, तुमी बी रुंद घ्या की एक जोडी."

"मला कशाला? माजी लाकडी चाकं दणकट हायत."

"चिखल तर एकच हाय आपला."

हिंदुराव रस्त्यावरच्या टांग्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चा घ्यायचा का?"

तिनं अरुंद टायरं घेतली. परतताना एसटीत हिंदुरावानं फक्त आपलंच तिकीट काढलं.

दसऱ्याआधीच्या पावसात, कांद्याच्या गोण्या भरलेली तिची गाडी वाटेच्या सखल जागी कण्यापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर आले. तिनं जुवाच्या शिवळा काढून त्यांना मोकळं केलं आणि एकेक गोणी पाठीवर घेऊन कोरड्यावर टाकू लागली. अर्धी गाडी रिकामी झाली तोवर घायपाताआडून हिंदुराव आला.

"सांगितलं हुतं का न्हाय, वयनी? रुंद असती तर तरंगली असती."

"व्हय. खरं सांगितलं हुतं तुमी."

बोलता बोलता तिनं त्याच्या नजरेचा माग घेतला. रुतलेल्या चाकाकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या बांधाकडं बघत होता. बांधावरचं गवत जसंच्या तसं उभं होतं. एक काडी मोडली नव्हती.

मुक्ताबाईनं कंबर सरळ केली.

"गाडी काय, आज न्हाय तर उद्या निघंल, भावजी. गेलेला बांध कुनी माघारी दिला असता?"

हिंदुरावानं मुंडासं उगाच सारखं केलं.

"हुबं काय ऱ्हायलाय? घायपात राखताय व्हय? चाकाला हात लावा की जरा."

तो धोतर वर खोचून चिखलात उतरला आणि चाकाला खांदा देऊन ते बांधाकडं वळवू लागला.

"तिकडं न्हाय," मुक्ताबाई म्हणाली. "चाकोरीतनंच."