धुलाईतल्या बायकांचं रेकॉर्डिंग

"बाबा, आवाज येत नाहीये," थोरली म्हणाली.

"स्पीकरची वायर बघ."

"बघितली. वायर ठीक आहे. आईचे सगळे ट्रॅक दिसताहेत, तिने दिलेली नावंही आहेत. आत काहीच नाही."

मी चष्मा लावून पुढे सरकलो. पडद्यावर एकाखाली एक पट्टे होते, एकेका बाईचा एकेक. नावं हिनेच ठेवलेली: कप्तान, खोकला, उंच, इस्त्रीवाली, लाजरी, आणि सगळ्यात खाली पाय. पट्ट्यांत जिथे आवाजाची नक्षी दिसायला हवी तिथे कोरं होतं. ध्वनिफाइल सापडत नाही, असं मशीन सांगत होतं.

थोरलीने तरी प्ले दाबलं. पडद्यावरचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या, हलायला लागले. कप्तानचा जरा खाली आला, लाजरीचा हळूच वर चढला, कडव्याच्या शेवटी पायांचा उचलला गेला. हिने जसे हलवले होते अगदी तसे. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"बंद कर," मी म्हणालो.

रेकॉर्डिंग गेलं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ही जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले होते.

माझी बायको एका सभागृहात रेकॉर्डिंगचं काम करायची. कार्यक्रम चालू असताना प्रत्येक माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये वेगळा साठवायचा, आणि नंतर सावकाश बसून, कुणाचा किती ठेवायचा ते ठरवत सगळे एकत्र मिसळायचे. मी बस डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या वायरी ओढायला जायला लागलो. "फुकटचा हमाल मिळाला, तोही घरचाच," असं ती लोकांना सांगायची.

तिचं शेवटचं काम म्हणजे इस्पितळाच्या धुलाई विभागातल्या बायकांचा गायनगट. त्या मोठमोठ्या मशीनच्या घरघरीत गायला शिकलेल्या. त्यामुळे सगळ्या घसा ताणून गायच्या आणि ताल धरायला पाय आपटायच्या, कारण तिथे टाळी ऐकूच जात नाही. कार्यक्रमाआधी व्यवस्थापक म्हणाले, "बाई, त्यांना जरा पाय आवरायला सांगा. रेकॉर्डिंग खराब होईल." हिने एक जादा माइक मागवला आणि रंगमंचाच्या फळीला लागून ठेवला. नुसत्या पायांसाठी. "पाय काढले तर गाणं लटकत राहील," मला म्हणाली.

आजारपणातही ती सभागृहातल्या त्या छोट्या खोलीत जाऊन बसायची. कानाला हेडफोन, मांडीवर उशी. घरी आली की आमच्याशी बोलायचं त्राण नसायचं. मग ते जाणंही थांबलं. "शेवटची दोन गाणी राहिलीत," म्हणाली. "बरी झाले की करते."

शोकसभा सभागृहातच झाली. व्यवस्थापक माइकवर म्हणाले, त्यांचे कान हे आपल्या संस्थेचं वैभव होतं. लोकांनी माना हलवल्या. त्याच आठवड्यात तिच्याकडचा संस्थेचा लॅपटॉप साफ पुसून हिशेब विभागाला देऊन टाकला. मला तिची फाइल भरलेला एक पेन ड्राइव्ह दिला आणि वर, "आठवण म्हणून ठेवा," असं सांगितलं.

आवाज गेल्याचं कळलं तसा तोच पेन ड्राइव्ह घेऊन मी व्यवस्थापकांसमोर उभा राहिलो.

"फाइल दिली ना तुम्हाला?" व्यवस्थापक म्हणाले.

"रिकामी आहे."

"रिकामी कशी असेल? माझ्यासमोर उघडून बघितली. नावंबिवं सगळी होती."

"नावं आहेत. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये होता. या फाइलमध्ये नुसतं लिहिलेलं असतं, कुठला आवाज कुठून घ्यायचा आणि किती ठेवायचा."

त्यांनी संगणकवाल्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"फोल्डर फार जड होतं, काका. पेन ड्राइव्हवर मावेना."

"मग मोठा आणायचा."

"मला वाटलं, फाइल आली म्हणजे सगळं आलं."

"एकदा वाजवून बघितलं असतंत."

त्याच्यावर मी फार चिडलो नाही. त्याला घाई कुणी केली होती ते मला माहीत होतं. हिच्यावरही रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. काम पुरं झालं की मगच दुसरीकडे प्रत ठेवायची, हा तिचाच नियम.

व्यवस्थापकांनी आवाज मऊ केला. "काका, बाईंचा स्वतःचा आवाज होता का त्यात?"

"नाही. एक शब्दही नाही."

"मग तुमचं असं काय गेलं? त्या बायका आहेतच की. बोलावू, पुन्हा रेकॉर्ड करू."

मी टेबलाची कड धरली. याला काय सांगायचं? लाजरी दर ओळीच्या शेवटी माइकपासून मागे सरायची आणि ही दर ओळीला तिचा फेडर चढवत, जणू बोट धरून, तिला पुढे आणायची, हे सांगायचं? अंगात ताप असताना ही तिथे बसून काय करत होती असं यांना वाटलं होतं?

"वैभव म्हणालात तुम्ही," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. आणि तिने काय केलंय ते पुसण्याआधी कान लावून ऐकलंही नाहीत. लॅपटॉप कुठे आहे?"

थोरलीने एका दुकानदाराला विचारून ठेवलं होतं. पुसलेलं काही वेळा परत काढता येतं, पण मशीन ताबडतोब बंद करायला हवं. त्यावर नवीन काही टाकलं की जुनं त्याखाली कायमचं जातं.

हिशेब विभागात एक कारकून बाई त्यावर भराभर टाइप करत होत्या.

"ताई, थांबा," मी म्हणालो. "तुम्ही एकेक ओळ टाकताय तसं माझ्या बायकोचं काम जातंय."

त्यांचे हात वरच थांबले. मी दोन वाक्यांत सांगितलं. मागून व्यवस्थापक आले. "पगाराचं काम चालू आहे ते. पगार अडकला तर लोक मला धरतील."

कारकून बाईंनी लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिला.

"कुणाला विचारून दिलात?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"पगार मी जुन्या मशीनवर करते, साहेब. माझं केलेलं काम असं कुणी पुसलं असतं, तर मी हे टेबल उलटं केलं असतं. काका निदान हळू बोलताहेत."

दुकानदाराने बरेच दिवस घेतले. परत आले ते तुकडे. काही अर्ध्या मिनिटाचे, काही पूर्ण कडव्याचे, आणि एकालाही नाव नाही. नुसते आकडे. कितीतरी तुकडे आलेच नाहीत. आणि कुठला कुणाचा ते कळल्याशिवाय आलेले तुकडेही हिने आखलेल्या पट्ट्यांत बसणार नव्हते.

एका सुट्टीच्या दिवशी मी गटातल्या बायकांना घरी बोलावलं. त्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. थोरली एकेक तुकडा वाजवायला लागली.

"ही मी," उंच म्हणाली.

"तू कसली? मी आहे ती," कप्तान म्हणाली.

"तुझा एवढा गोड कधीपासून झाला?"

"धुलाईचं मशीन बंद असलं की असतोच."

सगळ्या हसल्या. पुढच्या तुकड्यावर पुन्हा तेच झालं. त्यांनी स्वतःचा एकटीचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. खोकला तेवढी खोकल्यावरून लगेच सापडली. लाजरी म्हणाली, "यात मी नाहीच बहुतेक," आणि थोरलीने पुढचा तुकडा लावला. कोण कुठली हे ओळखणारं माणूस एकच होतं.

जाताना कप्तान म्हणाली, "दादा, पुन्हा बोलवा. आम्ही येऊ. लागेल तितक्यांदा येऊ."

सभागृहवाल्यांचा परवा फोन आला. त्या छोट्या खोलीत हिचा फोटो लावायचं ठरलंय, अनावरणाला या म्हणाले. मी येणार नाही म्हणून सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

थोरली रविवारी येते आणि आम्ही ऐकत बसतो. निम्म्याहून जास्त तुकडे कुणाचे आहेत ते अजून कळलेलं नाही. लाजरीचा एकही सापडलेला नाही. शेवटची दोन गाणी मिसळायची राहिली आहेत.