मूत्रपिंड धुणारं पाणी

खंडोजीकडून कोट शिवून घ्यायला लोक मल्लेश्वरमहून चामराजपेटेत यायचे. चौऱ्याण्णव साली त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, तरी दुकान बंद पडलं नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकीचे दिवस शिलाई. पाणी मोजून प्यायचं, केळं नाही, एळनीर तर मुळीच नाही. शहाळ्याचं हे पाणी म्हणजे खंडोजीचा जीव की प्राण. बायको जमनाबाई त्याला तांब्यातून घोट मोजून द्यायची आणि तो चिडून पेला आपटायचा.

त्याचा धाकटा भाऊ रणजीत एका कन्नड साप्ताहिकात आरोग्याचं सदर लिहायचा. त्याला शिकवलं खंडोजीनेच. पण तो काय करतो असं कुणी विचारलं की खंडोजी म्हणायचा, "कागद खराब करतो."

एप्रिलमध्ये रणजीतकडे एका अभ्यासाची इंग्रजी बातमी आली. कॉलेजच्या आठ खेळाडूंना धावून आल्यावर एळनीर दिलं, त्यांना लघवी स्वच्छ झाली. शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, मुलं धडधाकट होती, मूत्रपिंडाच्या रोग्यांना हे लागू नाही. संपादक म्हणाले, "जागा स्वल्प आहे. काप." रणजीतने शेवट कापला आणि मथळा दिला, 'मूत्रपिंड धुऊन काढणारं अमृत'.

अंक आला. खंडोजीने तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. "माझ्या तम्माने लिहिलंय. धाकट्याने. अभ्यास करून."

रणजीतने हे दारात उभं राहून ऐकलं. चौतीस वर्षांत अण्णाच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. तो आत न जाता तसाच परत फिरला.

खंडोजी रोज तीन शहाळी पिऊ लागला. जमनाबाई घाबरली. रविवारी रणजीत जेवायला आला, तेव्हा तिने नवऱ्यादेखतच विचारलं, "भावजी, डॉक्टर नको म्हणतात. तुम्ही नीट सांगा, द्यायचं का?"

खंडोजी भावाकडे बघत होता, डोळ्यांत केवढं तरी कौतुक.

"अभ्यासात आलंय तेच लिहिलंय, वहिनी," रणजीत म्हणाला.

"ऐकलंस? डॉक्टर अडाणी आणि माझा भाऊ शहाणा," खंडोजी हसला. त्या दिवसापासून जमनाबाई स्वतःच्या हाताने शहाळं ओतून द्यायला लागली.

नवव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता खंडोजी खाली कोसळला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" जमनाबाईने सांगितलं. डॉक्टर तिच्यावरच ओरडले, "मी नको म्हटलं होतं ना? त्यात पोटॅशियम असतं. अशा माणसाचं हृदय बंद पडतं त्याने!"

रणजीत शेजारीच उभा होता.

तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांत एकच विषय होता. "तिनेच पाजलं." खंडोजीचे काका व्यंकोजी भर पंगतीत म्हणाले, "डॉक्टरने बजावलेलं असून पाजलं. म्हणजे बघा." तिच्या हातचं वाढणं कुणी घेतलं नाही. रणजीतने मात्र ताट पुढे केलं. सगळ्यांना त्याचं मन मोठं वाटलं.

पंगत उठल्यावर ती त्याला मागच्या अंगणात गाठून म्हणाली, "भावजी, मला कुणाला काही सांगायचं नाही. फक्त खरं सांगा. तुम्ही लिहिलं होतं ते खोटं होतं का?"

तिला एक शब्द हवा होता. तो मिळाला असता तर ती मुकाट्याने निघून गेली असती, हे त्यालाही कळत होतं.

"खरं होतं, वहिनी," तो म्हणाला. "तुम्हीच प्रमाणाबाहेर दिलंत."

ती "सरी, बरं," एवढंच म्हणाली आणि खरकटी भांडी उचलायला वाकली.

महिन्याभराने तिचा भाऊ येऊन तिला के. आर. पुरमला घेऊन गेला. तिथे ती स्वयंपाक करते, पण कुणाला पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने देत नाही. पेला ओट्यावर ठेवते आणि बाजूला होते. रणजीतचं सदर आता दर आठवड्याला पूर्ण पान असतं.