न ओरडणारे सर

बाबा गेले आणि त्यांचे विद्यार्थी फोनमधून आमच्या घरात शिरले.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. टपावर लाल अक्षरांची पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असलेली छोटी पांढरी गाडी, एवढाच त्यांचा कारभार. त्या गाडीतून अर्धं शहर शिकून बाहेर पडलं होतं आणि आता त्या अर्ध्या शहराला एकदमच फेसबुकवर लिहायचा उमाळा आला होता.

आईला चष्म्यातूनही फोनवरची अक्षरं लागत नाहीत, म्हणून वाचायची कामगिरी माझ्याकडे आली. दुपारची भांडी आवरली की ती सोफ्यावर माझ्या शेजारी टेकायची आणि "हं, वाच," म्हणायची.

'सरांसारखा शांत माणूस पाहिला नाही.' 'मी खांबाला गाडी घासली, तर सर म्हणाले, बघ, खांबाला फार लागलं नाही ना?' 'सरांनी कधी आवाज चढवला नाही. एकदाही नाही.'

आई हसायची, मग डोळे पुसायची. मी वाचत होते आणि माझं पोट दुखत होतं. सरळच सांगते, मला हेवा वाटत होता. कोण कुठला बँकेतला कॅशियर, कोण एक परीक्षेत दोनदा नापास झालेल्या आजीबाई, या सगळ्यांना माझ्या बापाचा शांतपणा मिळाला होता. मला काय मिळालं होतं? अठराव्या वर्षी रिकाम्या मैदानावर माझ्याकडून गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली, तेव्हा "अक्कल गहाण ठेवलीस का? उतर! उतर खाली!" एवढं मिळालं होतं. मी उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि बाबांनीही कधी लाव म्हटलं नाही. आम्ही कामापुरतं बोलायचो. बाकीचं आई इकडून तिकडे पोचवायची. आज चाळिशी उलटली तरी मी बसच्या रांगेत उभी असते.

डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपायची ती एक नर्स. तिने व्हिडिओ टाकला होता, मागच्या सीटवरून मैत्रिणीने काढलेला. भर चौकात गाडी बंद, मागे हॉर्नचा गोंधळ, ही रडकुंडीला आलेली, आणि शेजारी बाबा सांगताहेत, "हॉर्न त्यांचा, गाडी आपली. सावकाश." आईने तो मला परत परत लावायला लावला. वर नर्सबाईंनी लिहिलं होतं, 'माझे दुसरे वडील.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे पहिले तरी पुरते कुणाला मिळाले होते!

मी खाली लिहून टाकलं, 'मला ते ओरडायचे. भर मैदानात गाडीतून उतरवलं होतं.' मी कोण, ते मुद्दामच लिहिलं नाही.

झालं, सगळे तुटून पडले. 'ताई, तुम्ही दुसऱ्या कुठल्या क्लासबद्दल बोलताय.' 'गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जरा भान ठेवा.' आणि त्या नापास आजीबाई, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल, बाळ.' माझ्या वाटणीचा ओरडासुद्धा या लोकांनी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला वाचून दाखवता दाखवता खाली नर्सचं उत्तर दिसलं. "'ताई, तुम्ही सरांची मुलगी आहात ना?'" एवढं मोठ्याने वाचलं आणि माझा आवाज थांबला. पुढचं मनातच वाचलं.

'सर मला म्हणाले होते, एकदा मैदानावर पोरीवर ओरडलो. ती उतरून गेली, ती पुन्हा बसलीच नाही. चूक माझी होती, पण तिला तसं सांगायला तोंड नाही. तेव्हापासून गाडीत बसलो की आधी तोंड बंद करतो, मग दार.'

खाली बदामांची रांग लागली होती. 'रडवलंत.' 'किती नशीबवान मुलगी!'

म्हणजे त्या सगळ्यांचा तो शांतपणा माझ्यावर ओरडून झाल्यावर आला होता. आणि माफी? इतकी वर्षं मी एका भिंतीपलीकडे झोपत होते. ती माफी त्यांनी क्लचवर पाय ठेवून बसलेल्या परक्या मुलीला सांगितली, आणि आता अनोळखी माणसं ती वाचून माझ्याआधी रडून मोकळीही झाली होती.

"काय गं, थांबलीस का?" आईने विचारलं.

"आलेच," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. बाबांच्या फोनमध्ये नर्सचा नंबर होता.

"मी सरांची मुलगी. ते काढून टाक."

"काही चुकलं का, ताई? लोकांना फार भिडलंय हो ते."

"भिडू दे. ते माझं आहे. काढ."

"काढते. मला वाटलं, वाचून तुम्हाला बरं वाटेल."

"वाटलं. म्हणूनच काढ."

बाहेर येऊन बसले, तोवर ते उत्तर गेलं होतं. आई माझ्याकडे वळूनच बसली होती. आम्हा दोघांमध्ये निरोप पोचवण्यात तिचा जन्म गेला होता.

"काय लिहिलं होतं तिने? तुझ्याबद्दल काही होतं ना?"

"नाही गं," मी म्हणाले, "सगळे लिहितात तेच. सर फार शांत होते म्हणे."