बंद म्हणजे कोणतं बंद?

मी एक जुनं वाय-फाय कार्ड आहो, मित्रांनो. नागपुरात कळमन्याजवळ गणपतरावांचं ऑनलाइन फॉर्म भराचं दुकान आहे, तिथल्या लॅपटॉपच्या पोटात नऊ वर्षं झाली मले. किती पोट्टे-पोट्ट्यांचे फॉर्म माह्यातून गेले! पण नेट चाललं त कोणी नाव घेत नाही, अन् अडलं का, "कार्डच भंगार आहे!"

एक खोड आहे मले. डोक्यात काहीच टिकत नाही. बिजली कापली का मी कोरा. मंग एक फाईल मले भरवा लागते, तिले फर्मवेअर म्हणतात. मी धडा म्हणतो. लॅपटॉपच्या डिस्कचा एक कोपरा बिघडला, माही फाईल तिथं टिके ना, तवा गणपतरावांनं तो धडा एका काळ्या पेनड्राईव्हवर टाकला अन् बाजूले कायमचा खोचून ठेवला.

लॅपटॉप मात्र हुशार. झाकण पाडलं का तो झोपते, अन् झोपायच्या आधी माहा धडा आपल्या मेमरीत घेऊन ठेवते. झोपेत मले बिजली भेटत नाही, मेमरीले थोडीशी भेटते. उठल्यावर तो पेनड्राईव्हची वाट पाहत नाही, मेमरीतूनच मले भरवते. पण बटनानं पुरता बंद केला त मेमरीही साफ.

परवा नरखेडची दामिनी नर्सिंगचा फॉर्म भराले आली. शेवटचा दिवस, पाचपर्यंतच वेळ. अर्धा फॉर्म झाला अन् बिजलीची लाइन गेली.

"तारे, बॅटरी वाचव. लॅपटॉप बंद कर वं!" गणपतराव बायकोले म्हणाले अन् बाहेर गेले. ताराबाईनं झाकण पाडलं. तेवढ्यात बुटीबोरीचे देवाजी आले, काल विसरलेला आपला फोटोंचा काळा पेनड्राईव्ह मागाले. ताराबाईले समोर काळा दिसला, तिनं उपसून देला.

तो माहा धडा होता!

साडेचारले लाइन आली. गणपतराव वापस आले, पेनड्राईव्हची जागा रिकामी पाहिली, ताराबाईले विचारलं अन् कपाळावर हात मारला. "अवं, कार्डाचं डोकंच देऊन टाकलं तू! बंद केलेला लॅपटॉप आता नेट कसा पकडन?"

"काका, माहं वर्ष जाईन हो," दामिनी रडकुंडीले आली.

"बंद कुठं केला? झाकण पाडलं फक्त," ताराबाई म्हणाली.

"बटन नाही दाबलं? बंद कर म्हटलं होतं ना!"

"दार बंद कर म्हटलं त मी दार लोटते. घर नाही पाडत."

गणपतरावांनं हळूच झाकण उचललं. मी जागा झालो तो कोरा. मी कोण, काय करतो, काही समजे ना. अन् मेमरीनं धडा हातात देला. नेट लागलं! पाचले बारा मिनिटं कमी होती तवा दामिनीची पावती निघाली.

"काका, कार्डाले थँक्यू सांगजा," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

गणपतरावांनं लगेच फोन लावला, "देवाजी, तुमचा फोटोंचा पेनड्राईव्ह इथंच राहिला गा. माह्या कार्डाचं डोकं वापस आणा पहिले!" अन् ते येईपर्यंत लॅपटॉपच्या बटनाले कोणाले हात लावू देला नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कोणी बंद कर म्हटलं त एकडाव विचारत जा, झाकण का बटन? अन् बाजूले खोचलेलं काही उपसू नका. ते कोणाचं तरी डोकं राहू शकते.